आजोबांचा सोनेरी रेझर कसा उजळावा?

पंचवटीकर: आजोबांचा जुना जिलेट सापडलाय, मूठ फिरवली की दोन दारं उघडणारा. सांध्यांत साबणाचं किटण, मुठीवर काळपटपणा. भांडी बाजारात बफ (मशीनवर घासून चकचकीत) करून घेऊ का?

जुनादाढीवाला: अजिबात नको! खाली पितळ, वर सोन्याचा पातळ मुलामा. बफ मारला की तोच उडेल. आधी ब्लेड काढा. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून भिजवा, मग मऊ टूथब्रश. चिंच-लिंबू देवाच्या तांब्यालाच ठेवा.

सिडकोचा_पक्या: निकेलचा मुलामा असलेल्या रेझरला मेटल पॉलिश किंचित चालतं, सोन्याला नाही. धुऊन लगेच कोरडा करा. दारांना मिनरल ऑइलचा थेंब. खोबरेल थंडीत थिजतं.

पंचवटीकर: किटण निघालं राव! खाली ‘ए १’ कोरलंय, ते काय?

जुनादाढीवाला: अमेरिकन असेल तर १९५५च्या पहिल्या तिमाहीत बनलेला. फोटो टाका की!