मदत हवी आहे: आतड्याच्या ऑपरेशननंतर लीक, स्पंज-व्हॅक्यूमचा अनुभव आहे का कुणाला?

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडकडचे. अण्णांचं (वडील, सत्तरीचे) गुदाशयाच्या गाठीचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं, गाठ काढून आतडं खाली जोडलं आणि जोड भरेपर्यंत शौच बाहेर यायला पोटावर पिशवी ठेवली. आठवडा होतोय तोच ताप चढला, ड्रेनच्या नळीतून लालसर पाणी यायचं ते गढूळ आणि वास मारणारं यायला लागलं. सीटीत दिसलं की जोडाला मागून भोक पडून तिथे पू साठलाय. पोट मऊ आहे, बीपी ठीक, अँटिबायोटिकने तापही उतरला, म्हणून लगेच पोट उघडायला नको म्हणतात सर्जन.

त्यांचं म्हणणं, खालून दुर्बीण घालून त्या पोकळीत स्पंज ठेवायचा, नळी बाहेर काढून व्हॅक्यूमला जोडायची, पू ओढला जातो आणि पोकळी आकसत भरत येते. स्पंज तीन-चार दिवसांनी बदलायचा, जास्त राहिला तर मांस त्यात रुजतं. मी विचारलं क्लिप (भोक चिमटून बंद करणारी) का नाही, स्टेंट (भोक आतून झाकणारी जाळीची नळी) का नाही (मोबाईलवर वाचून गेलो होतो, डॉक्टर हसले), तर म्हणे क्लिप लहान ताज्या भोकाला, इथे तोंड बंद केलं तर पू आतच कोंडणार, आणि इतक्या खाली स्टेंट टोचतो, सरकतोही. पटलं.

पण दर तीन-चार दिवसांनी करूळ घाट चढायचा, तोही पावसात, दरड आली की झालं! व्हॅक्यूमची बाटली घेऊन कुणी घरी राहिलंय का? की कोल्हापुरातच खोली घ्यावी? आणि पिशवी बंद करायला किती वेळ लागला? पुढे केमो आहे, ती लांबेल ही धास्ती वेगळीच.

प्रतिसाद (कुडाळहून):
दादा, खोलीच घ्या. माझ्या सासूबाईंचे सुरुवातीचे स्पंज अॅडमिट ठेवूनच बदलले, मग ताप नाही बघून बाटलीसकट सोडलं, पण हॉस्पिटलजवळच रहा म्हणाले. बाटलीची ओढ गेली किंवा लालभडक रक्त दिसलं तर घाटात काय करणार? पिशवीतून पातळ जास्त जात असेल तर मीठ-पाणी कमी पडून किडनीला त्रास होतो, तेव्हा किती जातं ते रोज लिहून ठेवा आणि ओआरएस किती द्यायचं ते विचारा. पिशवी बंद करायला महिने गेले, आधी दुर्बीण आणि डाय घालून एक्सरे काढला. केमोचं सर्जन आणि कॅन्सरवाले डॉक्टर दोघांना एकत्र विचारा, आमच्याकडे दोघं वेगवेगळं सांगत बसले होते.