ताडोबा की पेंच, सेकंड होम कुठे घ्यावं?

पळसफूल:
नमस्कार, प्रश्न जरा मोठा आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. आम्ही पुण्यात राहतो, मूळचे वर्ध्याकडचे, बाबांची सेलू तालुक्यात थोडी शेती आहे ती अजून त्यांच्याच नावावर आहे. आईबाबा दोघंही साठीच्या पुढे गेलेत आणि दोघांनाही जंगलाचं भयंकर वेड, म्हणून व्याघ्र प्रकल्पाजवळ छोटंसं घर घ्यायचं चाललंय. हिवाळ्यात ते दोन-तीन महिने राहतील, आम्ही सुट्टीत येऊ आणि बाकीचे दिवस होमस्टे म्हणून दिलं तर मेंटेनन्स तरी निघेल असा हिशोब. ताडोबा आणि पेंच दोन्ही डोक्यात आहेत. एका एजंटने ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या बाजूला प्लॉट दाखवलाय, जंगलाची हद्द अर्ध्या किलोमीटरवर, सकाळी चितळ अंगणात येतात म्हणतो. नवऱ्याला तोच आवडलाय पण "सगळं क्लिअर आहे ताई, टोकन देऊन टाका" हे दर दोन दिवसांनी ऐकून मला धाकधूक वाटायला लागलीये. त्या भागात कोणी घर घेतलंय का, नेमकं काय काय बघायचं?

चांदा_ते_बांदा:
ताई टोकन अजिबात देऊ नका. मी चंद्रपूरचाच. ताडोबाचा इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे जंगलाभोवतीचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, २०१९ मध्ये नोटिफाय झाला, कुठे ३ तर कुठे १६ किलोमीटरपर्यंत आहे, आणि संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल रिसॉर्टसारखं व्यावसायिक बांधकाम करता येत नाही. गावातल्या लोकांना स्वतःला राहायला घर बांधायची मुभा आहे, ती तुमच्या होमस्टेला चालेल असं धरून चालू नका. म्हणजे अर्धा किलोमीटर अर्धा किलोमीटर करून जे तो विकून राहिला तीच सगळ्यात मोठी अडचण आहे.

सातबारा काढा, भोगवटादार वर्ग १ आहे का वर्ग २ ते पहा, वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेताच येत नाही, नंतर वाद निघाला तर जमीन परत जाते आणि पैसे अडकतात, म्हणून नुसता आजचा सातबारा पाहून भागत नाही, जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडं गेली त्याच्या नोंदी, पण काढा. एनए (बिनशेती) प्लॉट आहे म्हणत असेल तर एनएचा आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा मागा, व्हॉट्सअपवरचा फोटो नाही. द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा.

आता कागद बाजूला ठेवून बोलतो. चितळ अंगणात येतात तिथं त्यांच्या मागं बिबट येतो. आमच्याकडं मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या सीझनमध्ये जंगलात गेलेली बाई घरी परत आली नाही अशा बातम्या उन्हाळ्यात येतच राहतात. ज्या लोकांनी हे सोसून वाघ सांभाळला त्यांच्या शेतांच्या मधात बाहेरचे लोक तारेचं कंपाउंड घालून राहिले, जनावराचा जुना रस्ता बंद झाला की ते गावाकडून फिरते, आणि भोगते कोण तर गावातलाच माणूस. मला याचा खरंच फार त्रास होतो बाप्पा. घर घ्यायचंच असेल तर गावठाणाला लागून घ्या, शेजार पाहून घ्या, जंगलाला लागून नको. आणि घर आहे म्हणून सफारीचं परमिट वेगळं मिळत नाही, बुकिंग सगळ्यांसारखं ऑनलाइनच, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर (आतलं मुख्य जंगल) बंद, मंगळवारी पण बंद. एप्रिल मे मध्ये ४५-४६ डिग्री असते, म्हाताऱ्या माणसांचं तेवढं पहा.

रामटेककर:
वरचं सगळं बरोबर आहे. आमचं घर देवलापारच्या अलीकडे आहे म्हणून पेंचबद्दल सांगतो. पुण्याहून येणाऱ्याला हे सोयीचं, विमान असो नाहीतर रेल्वे नागपूरलाच उतरायचं आणि जबलपूर हायवेने साधारण दीड तासात पेंचचं सिल्लारी गेट. त्या हायवेखालून प्राण्यांना जायला ९ ठिकाणी वाट ठेवलीये, सगळ्यात लांब पूल ७५० मीटरचा, वाघ तिथून ये-जा करताना कॅमेऱ्यात आलेत. या वाटांच्या तोंडाशी कोणी स्वस्तात जमीन देत असेल तर कृपा करून घेऊ नका, एवढा खर्च करून ठेवलेली वाट आपल्याच घराने बुजायची.

दुसरं म्हणजे २०२४ मध्ये पेंचला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, देशातलं पहिलंच. हिवाळ्यात रात्री जे आकाश दिसतं ते पुण्यात राहून कळणारच नाही, आईबाबांना तेवढ्यासाठी तरी आणा. पण मग घराबाहेर मोठे फ्लडलाइट लावायचे नाहीत हे आधीच मनाशी ठरवा.

पाणी मात्र फार महत्त्वाचं. दिवाळीत प्लॉट बघायला आलात तर सगळं हिरवं दिसतं, बोअरला पाणी आहे का हे मे महिन्यात विचारायचं, आणि एजंटला नाही, शेजारच्या शेतकऱ्याला. चंद्रपूरकडे घेणार असाल तर पाण्याची फ्लोराइडची टेस्ट करा, त्या जिल्ह्यात बऱ्याच गावांना तो त्रास आहे. आणि तुम्ही दहा महिने पुण्यात असणार तर किल्ली कोणाकडे, वाळवी कोण बघणार, माकडांनी छपराचे कवेलू (कौलं) फोडले तर चढणार कोण? आधी एक हिवाळा आणि जमलं तर थोडा उन्हाळा भाड्याने राहून बघा असं मी सगळ्यांना सांगतो, गाव कसं आहे ते तेव्हा समजतं.

सेलूकर:
सेलू वाचलं म्हणून लिहितोय. पळसफूल ताई, तुमच्या घराजवळच बोर आहे की! नॅशनल पार्क नाही, अभयारण्य आहे, पण २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अगदी लहान, ताडोबासारखं रोज वाघ दिसेल अशी आशा ठेवू नका. पण बोर धरणाकडची संध्याकाळ, पक्षी, साग, पानझडीनंतरचा पळस, आणि गर्दी त्या मानाने काहीच नाही. आईबाबांना जंगल हवंय ना, की फक्त वाघ?

साठीच्या माणसांसाठी मी पहिल्यांदा दवाखाना बघेन. रात्री मण्यार चावली तर मांत्रिकाकडे नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं असतं, आणि इथून वर्धा सेवाग्राम जवळ आहे. माणसं ओळखीची आहेत, शेत बघणारा कोणी असेलच. शिवाय शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, बाबा खातेदार आहेत म्हणजे ती अडचण तुम्हाला नाही, पण तुम्ही दोघं तुमच्या नावावर घ्यायला गेलात तर शेतकरी असल्याचा पुरावा मागतील, ते आधी बघा. आणि मुळात नवीन जमीन कशाला, बाबांच्याच शेतात छोटं घर होतंय का बघा ना.

पळसफूल:
सगळ्यांचे मनापासून आभार! टोकन दिलेलं नाही. आज एजंटकडे एनए आदेशाची कॉपी मागितली तर म्हणाला "पुढच्या आठवड्यात", नवरा पण आता गप्प आहे. बोरचं आमच्या खरंच डोक्यातच आलं नव्हतं, बाबांना सांगितलं तर ते एकदम खूश, म्हणे लहानपणी बैलगाडीने धरणावर जायचो. सेलूकर दादा, शेतात घर बांधायचं तर परवानगी कुठे मागायची, आणि जंगलापासून आमचं शेत किती लांब धरतात ते कोण सांगेल?

सेलूकर:
शेताचा गट नंबर घेऊन आधी तलाठ्याकडे, मग सेलूच्या तहसीलला जा, आणि त्याच गट नंबरवर वनविभागाच्या ऑफिसला लेखी विचारा की हद्दीपासून अंतर किती आणि इथे कुठले निर्बंध आहेत. तोंडी उत्तर घेऊन येऊ नका, पोच घेऊन या. होमस्टेचं पण त्याच अर्जात विचारून टाका. मे मध्ये येणार असाल तर बाबांना सोबत आणा, विहिरीला पाणी किती राहतं ते त्यांना माहीत असेल.