मदत हवी आहे: चॉकलेट सिस्ट असताना लोहाच्या गोळ्या घ्यायच्या का?

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

धाकट्या बहिणीला (वय ३१) एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) निघालाय, डाव्या ओव्हरीत साडेचार सेंमीची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ. शाळेत असल्यापासून पाळीत गडाबडा लोळायची आणि घरातले 'लग्नानंतर जाईल' म्हणायचे, ते असो. डॉक्टरांनी डायनोजेस्ट २ मिग्रॅ (हॉर्मोनची गोळी) दिलंय आणि हिमोग्लोबिन ९.२ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या.

गोची इथेच झालीय. बाईसाहेब बीएस्सी मायक्रो, रात्ररात्र वाचत बसतात. तिचं म्हणणं असं की सिस्टमध्ये दर महिन्याला रक्त साठतं, लाल पेशी फुटतात, त्यातलं लोह मोकळं होतं, ते हायड्रोजन पेरॉक्साइडला भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं आणि ते थेट डीएनएवर घाव घालतं, मग म्युटेशन आणि मग कॅन्सर. ८-ओएचडीजी नावाची डीएनए डॅमेजची खूणपण सिस्टच्या भिंतीत जास्त सापडते म्हणे. त्यात सीए-१२५ (रक्तातली खूण, ओव्हरीच्या कॅन्सरमध्येही वाढते) आलं ६८. झालं! गोळ्यांची स्ट्रिप ड्रॉवरमध्ये गेली, 'आगीत तेल कशाला ओतू' म्हणते, आणि ऑनलाइन महागडे अँटिऑक्सिडंट कॅप्सूल चालू केलेत. डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे आणि फोनवर रिसेप्शनिस्टच्या पुढे कोणी जाऊ देत नाही. जिना चढताना धापा टाकतेय ती, मी काय सांगू तिला?

लिंबूकलर: पॅथॉलॉजीत काम करते, पण तुमच्या बहिणीला तपासलेलं नाही हे धरून वाचा. तिने वाचलंय ते खोटं नाहीये. चॉकलेट सिस्टमधल्या द्रवात मोकळं लोह बाकीच्या सिस्टच्या मानाने खूपच जास्त असतं. पण ते तिथल्या तिथे साठलेल्या रक्ताचं असतं हो, गोळीतून आलेलं नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये ओटीपोटात लोह जास्त आणि बाकी शरीरात कमी असं सर्रास दिसतं, आणि गोळीतलं लोह आधी बोनमॅरोमध्ये रक्त बनवायला जातं. ९.२ म्हणजे अ‍ॅनिमिया आहे, परस्पर गोळ्या बंद करू नका. फेरिटिन करून घ्या म्हणजे साठा किती ते कळेल. उलट डायनोजेस्टने पाळी थांबली की सिस्टमध्ये नवीन रक्त साठणंच कमी होतं, लोहाचा खरा नळ तो.

सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतंच, ६८ ने घाबरू नका, सोनोग्राफीत काय दिसतंय ते महत्त्वाचं. कॅन्सरचं म्हणाल तर बाईला आयुष्यभरात ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण १.३ टक्के, एंडोमेट्रिओसिस असेल तर १.८ च्या आसपास. एआरआयडी१ए, केरास वगैरे कॅन्सरशी जोडलेल्या जीन्समधली म्युटेशन्स कॅन्सर नसलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्येही सापडतात, २०१७ मध्ये ते छापून आलं, आणि नंतर तर गर्भाशयाच्या नॉर्मल अस्तरातसुद्धा सापडली. म्युटेशन आहे म्हणजे कॅन्सर होणारच असं गणित नाही.

सातारी_कंदी: मी यातून गेलेय. व्हिटॅमिन सी आणि ई ने दुखणं कमी झाल्याचे छोटे ट्रायल आहेत, पण सिस्ट विरघळवण्याची जी जाहिरात करतात ती निव्वळ धंदा आहे. ते पैसे वाचवा, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगा आणि नंतर तासभर चहा नको. अजून एक, मूल हवं असेल आणि कोणी ऑपरेशन सुचवलं तर आधी एएमएच (ओव्हरीत बीजांचा साठा किती उरलाय त्याची रक्ततपासणी) करा, सिस्ट काढताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो आणि हे आधी सांगणारे कमी.

धागाकर्ती: @लिंबूकलर, नळाचं वाक्य तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं, गप्प बसली. फेरिटिनला उद्या सकाळी पाठवते. @सातारी_कंदी ताई, मूल हवंय पण पुढच्या वर्षी, तोवर डायनोजेस्ट चालू ठेवलं तर चालतं का? आणि गोळीने तिला मळमळतं, एक दिवसाआड घेतली तर चालेल का, कोणाला डॉक्टरांनी तसं सांगितलंय?