‘पिमा इंडियन्स’ माहितीसंचावर शिकवलेले मॉडेल आपल्या गावांत मधुमेहाचा धोका सांगू शकेल का?

शेवटचे_वर्ष यांचा प्रश्न:

नमस्कार. आम्ही चौघे संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आहोत. आमच्यापैकी दोघांची घरे सांगली जिल्ह्यात एकाच तालुक्यात असून तेथील एक सेवाभावी मंडळ दर दोन महिन्यांनी आरोग्य शिबिर भरवते. शिबिरात येणाऱ्या तीस वर्षांवरील व्यक्तींना मधुमेहाचा धोका किती आहे हे सांगणारे मोबाइल ॲप बनवावे, असा आमचा प्रकल्प आहे. इंटरनेटवर सहज मिळणारा ‘पिमा इंडियन्स’ हा ७६८ नोंदींचा माहितीसंच आम्ही घेतला, कारण त्याच्या नावातच ‘इंडियन्स’ असल्यामुळे तो आपल्या लोकांना लागू पडेल असे आम्हांला वाटले. त्यावर रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचे बहुमत घेणाऱ्या) पद्धतीने शिकवलेल्या मॉडेलची अचूकता सुमारे ७७ टक्के येते.

अडचण शिबिराच्या बाजूने आहे. रक्तातील इन्सुलिन आणि त्वचेच्या घडीची जाडी शिबिरात मोजता येत नाही, म्हणून त्या रकान्यांत सरासरी भरण्याचे आम्ही ठरवले. ग्लुकोजच्या रकान्यात ग्लुकोमीटरचे जागेवरचे वाचन घालणार आहोत, आणि पुरुषांसाठी गर्भधारणांच्या रकान्यात शून्य भरणार आहोत. हे चालेल का, आणि अचूकता ८५ टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी कोणती पद्धत वापरावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

सरासरीपलीकडे यांचे उत्तर:

पद्धतीचा प्रश्न सध्या बाजूला ठेवू या, कारण त्याआधीचे प्रश्न मोठे आहेत. पहिली गोष्ट म्हणजे यातील ‘इंडियन्स’ हे भारतीय नव्हेत. पिमा, अर्थात त्यांच्या स्वतःच्या भाषेत ‘अकिमेल ओओधाम’ म्हणजे नदीकाठची माणसे, हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचे आदिवासी आहेत. गिला नदीच्या पाण्यावर शेती करणाऱ्या या लोकांचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला आलेल्या वसाहतकारांनी वळवून घेतले, शेती मोडली, आहार बदलला, आणि पुढे मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या समाजांत त्यांची गणना होऊ लागली. अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६५ पासून त्यांच्यात दीर्घकालीन अभ्यास केला. त्या अभ्यासातील किमान २१ वर्षांच्या ७६८ स्त्रियांच्या नोंदी, आणि त्यांना पुढच्या पाच वर्षांत मधुमेह झाला की नाही ही माहिती, तुमच्या हाती आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना ‘इंडियन्स’ म्हणण्याची कोलंबसाची चूक पाचशे वर्षांनी तुमच्या प्रकल्पात उतरली, एवढेच म्हणतो आणि पुढे जातो.

याच वंशाचे लोक मेक्सिकोतील सोनोरा राज्यात डोंगराळ भागात शेती करून राहतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोतील पिमांमध्ये मधुमेह ६.९ टक्के, तर ॲरिझोनातील पिमांमध्ये ३८ टक्के आढळला. वंश जवळचा असूनही राहणी बदलताच आकडा पाचपटीहून अधिक बदलतो. मग ज्यांचा वंशही वेगळा आणि राहणीही वेगळी, अशा मिरज-जतकडच्या माणसांना हे मॉडेल काय म्हणून लागू पडावे?

आता ७७ टक्क्यांकडे येऊ. ७६८ पैकी ५०० स्त्रियांना मधुमेह झालेला नाही, म्हणजे समोर येणाऱ्या प्रत्येकीला ‘तुम्हांला होणार नाही’ असे डोळे झाकून सांगणारे मॉडेलही ६५ टक्के अचूक ठरते. शिवाय १९८८ साली ज्या लेखातून हा माहितीसंच पुढे आला, त्यात ५७६ नोंदींवर शिकवून उरलेल्या १९२ नोंदींवर तपासलेल्या पद्धतीची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती ओळखले) आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती जणांना बरोबर सोडले) दोन्ही ७६ टक्के होत्या. पस्तीस-चाळीस वर्षांत हजारो विद्यार्थ्यांनी याच नोंदी पिळून काढल्या आहेत. ८५ टक्के मिळाल्याचे कोणी सांगितले, तर प्रथम त्याने गहाळ जागा केव्हा आणि कशा भरल्या, हे विचारावे.

गहाळ जागांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या योजनेतील खरा धोका तेथे आहे. या संचात गहाळ नोंद रिकामी ठेवलेली नसून तेथे शून्य लिहिलेले आहे. इन्सुलिनच्या रकान्यात ३७४, त्वचेच्या घडीच्या रकान्यात २२७, रक्तदाबाच्या रकान्यात ३५, बॉडी मास इंडेक्समध्ये (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ११ आणि ग्लुकोजमध्ये ५ शून्ये आहेत. रक्तदाब शून्य असलेल्या ३५ स्त्रियांचे पुढच्या पाच वर्षांतील आरोग्य वर्तवण्याचा उद्योग आपले मॉडेल करत आहे, हे एकदा शांतपणे मनात आणा. ही शून्ये काढून सरासरी भरली तरी इन्सुलिनचा जवळजवळ निम्मा रकाना काल्पनिक होतो. आणि ती सरासरी शिकवण्याचा व तपासण्याचा भाग वेगळा करण्यापूर्वी संपूर्ण संचावरून काढली, तर तपासणीची उत्तरे काही अंशी आधीच मॉडेलच्या कानावर गेलेली असतात.

गर्भधारणांच्या रकान्यातील शून्य मात्र खरे आहे. त्याचा अर्थ ‘ही स्त्री कधी गरोदर राहिलेली नाही’ असा आहे, आणि अशा स्त्रिया बहुधा तरुण असतात. तेथे पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याचे शून्य बसवले, तर मॉडेल त्याच्याकडे काय म्हणून पाहील, ते तुम्हीच ठरवा. ज्या संचात एकही पुरुष नाही, त्यावरून पुरुषांविषयी काहीही सांगता येत नाही.

---

घाटावरचा_डॉक्टर यांचे उत्तर:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजूच्या काही गोष्टी जोडतो.

या संचातील ग्लुकोज म्हणजे ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेले वाचन होय. आज आपण ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन हीच चाचणी करतो, तेव्हा २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर आली की मधुमेह आणि १४० ते १९९ आली की मधुमेहपूर्व अवस्था, असे निदान होते. म्हणजे जो आकडा मॉडेलचा मुख्य आधार आहे, तो तुमच्याजवळ असेल तर निदान जवळजवळ झालेलेच असते. आणि तो नसेल तर मॉडेल अधू आहे. शिबिरात बोटाला टोचून घेतलेले, कोणी चहा-बिस्किटे खाऊन आलेला, कोणी उपाशी, असे वाचन त्या रकान्यात घालणे म्हणजे मैलाच्या रकान्यात कोस लिहिण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा शरीरयष्टीचा. या संचातील बॉडी मास इंडेक्सची सरासरी ३२ च्या आसपास आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात २२-२३ निर्देशांकाचे, अंगाने सडपातळ दिसणारे मधुमेही रोज येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात तर आपली नवजात बाळेही वजनाने कमी आणि त्या मानाने चरबीने अधिक असल्याचे दिसले. लठ्ठ स्त्रियांवर शिकलेले मॉडेल अशा माणसाला ‘धोका कमी’ असा शेरा देऊन घरी पाठवील, आणि ही चूक नेमकी ज्यांना आपण शोधायला निघालो आहोत, त्यांच्याच बाबतीत होईल.

तिसरा मुद्दा, तुमचा ७६ किंवा ७७ चा आकडा गावात गेल्यावर काय होतो. पिमा संचात शंभरातल्या ३५ जणींना मधुमेह झालेला आहे. अशा हजार जणींवर ७६ टक्के संवेदनशीलता आणि तेवढीच विशिष्टता असलेली कसोटी लावली, तर ४२२ जणींवर ‘धोका आहे’ अशी खूण होईल आणि त्यांतील २६६ खऱ्या असतील. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आहे; सोयीसाठी १० टक्के धरू. तीच कसोटी आता हजारांतल्या २९२ जणांवर खूण करील आणि त्यांतील केवळ ७६ खरे असतील. उरलेल्या २१६ जणांची झोप उडवून आणि त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायला लावून आपण त्यांना तालुक्याला पाठवू. त्याच अभ्यासात गोव्याचे प्रमाण २६.४ टक्के निघाले, म्हणजे सीमा ओलांडून गोव्यात गेलो की त्याच कसोटीच्या खुणेचा अर्थ पुन्हा बदलतो.

आपल्या लोकांवर बेतलेले साधन हवे असेल तर चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेला ‘इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर’ पाहा. वय, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह एवढ्या चारच गोष्टींवर शंभरपैकी गुण मिळतात. ६० किंवा अधिक गुण आले की धोका जास्त मानायचा. ६० गुणांच्या त्या मर्यादेवर संवेदनशीलता ७२.५ आणि विशिष्टता ६०.१ टक्के मिळाली होती. खूण झालेल्यांपैकी १७ टक्क्यांनाच मधुमेह निघाला, पण ज्यांच्यावर खूण झाली नाही त्यांच्यापैकी ९५ टक्के खरोखर सुटले. त्यासाठी ना सुई लागते, ना सर्व्हर. अर्थात तो शहरी चेन्नईत तयार झालेला आहे. तुमच्या तालुक्यात तो किती खरा ठरतो, हे पाहणे हाच मला तुमचा उत्तम प्रकल्प वाटतो.

---

गटप्रवर्तक_ताई यांचे उत्तर:

मुलांनो, या प्रकारचे काम आमच्या आशाताई ‘सीबॅक’ फॉर्मवर आधीपासून करत आहेत, हे तुमच्या लिखाणात कोठे दिसले नाही, म्हणून लिहिते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल आणि घरातील आजार विचारून गुण दिले जातात, आणि चारच्या वर गुण गेले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचे असते. तुमचे ॲप याहून काय जास्त सांगणार, हे आधी ठरवा, नाहीतर त्याच बाईला एकच माहिती तिसऱ्यांदा भरावी लागेल.

रकान्यात जे येते ते कसे येते, तेही पाहून ठेवा. कंबर मोजताना टेप साडीच्या निऱ्यांवरून जातो आणि दोन-तीन सेंटिमीटर वाढतात. पुरुषमंडळी पोट आत ओढून धरतात. ‘व्यायाम करता का?’ असे विचारले की दिवसभर द्राक्षबागेत राबून आलेली बाई ‘नाही’ म्हणते, कारण व्यायाम म्हणजे शहरातल्या लोकांचे चालणे असे तिला वाटते. आईवडिलांना शुगर होती का, याचेही उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. त्यांची कधी तपासणीच झालेली नसते. आता मी आमच्या ताईंना ‘आज सकाळपासून काय काय काम केले?’ असे विचारायला सांगते, आणि मग उत्तर बरोबर येते.

आणखी एक गोष्ट. मागे एका संस्थेने आमच्या भागात अशीच माहिती गोळा केली, फोन नंबरही घेतले, आणि अहवाल कोणालाच दिला नाही. लोक अजून आम्हांला त्याबद्दल बोलतात.

---

शेवटचे_वर्ष यांचे उत्तर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुरुषांच्या शून्याविषयी वाचताना आम्ही चौघेही ओशाळलो. मार्गदर्शकांशी बोलून प्रकल्प बदलला आहे: चेन्नईचा गुणांक आणि सीबॅकचे गुण शिबिरातील लोकांना लावायचे आणि ज्यांच्यावर खूण होईल, त्यांची प्रयोगशाळेत तपासणी करून कोणता गुणांक अधिक खरा ठरतो ते पाहायचे. आमच्या आवाक्यात साधारण ३०० माणसे आहेत. एवढी पुरेशी होतील का?

---

सरासरीपलीकडे यांचे उत्तर:

दिशा योग्य आहे, परंतु आराखड्यात एक भोक आहे. खूण झालेल्यांचीच तपासणी केली, तर ज्यांना गुणांकाने सोडून दिले त्यांच्यात किती रुग्ण लपले होते हे कधीच कळणार नाही आणि संवेदनशीलता काढताच येणार नाही. सर्वांची तपासणी करा. ते परवडत नसेल, तर खूण न झालेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडा आणि हिशेबात त्यांना त्या प्रमाणात वजन द्या.

संख्येविषयी सांगायचे तर, गुणांक नव्या ठिकाणी पारखताना किमान १०० रुग्ण आणि १०० निरोगी माणसे असावीत, असा ढोबळ संकेत आहे. तीनशेंत तुम्हांला तीस-पस्तीस रुग्ण मिळतील. तेव्हा संवेदनशीलतेचा आकडा त्याच्या दोन्ही बाजूंच्या संभाव्य चुकीच्या मर्यादांसह छापा आणि दोन गुणांकांपैकी श्रेष्ठ कोणता याचा निकाल देण्याच्या भानगडीत पडू नका. ‘धोका वर्तवणे’ हा शब्दही शीर्षकातून काढा, कारण तुम्ही आज लपलेला मधुमेह शोधणार आहात. उद्या कोणाला होईल हे सांगायचे, तर त्याच माणसांकडे काही वर्षांनी परत जावे लागेल.

नैतिकता समितीची (एथिक्स कमिटीची) मान्यता आणि लेखी संमती आधी घ्या, आणि संमतीपत्रात जे लिहाल तेवढ्यापुरतीच माहिती वापरा. ॲरिझोनातच हवासुपाई या दुसऱ्या आदिवासी समाजाने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून दिलेले रक्त विद्यापीठात इतर संशोधनासाठीही वापरले गेले. त्या प्रकरणात २०१० साली विद्यापीठाला सात लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली.

---

घाटावरचा_डॉक्टर यांचे उत्तर:

प्रयोगशाळेत कोणती चाचणी करणार, तेही लिहून ठेवा. सोय म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) निवडली जाते, कारण तिला उपाशी राहावे लागत नाही. पण लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात (ॲनिमियात) ती साखर वाढलेली नसतानाही वाढलेली दिसू शकते. आपल्या शिबिरांत येणाऱ्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन पाहता, रक्तक्षयालाच मधुमेह समजून सारा ताळा चुकण्याची शक्यता आहे. उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन दोन्ही घ्या, शिबिर सकाळी सातला सुरू करा, आणि आदल्या संध्याकाळी ताईंना घरोघरी निरोप द्यायला सांगा.