ग्रेड ५ झाली, पण गाण्याला साथ जमेना

सातरस्ता_८८: मुलीची पियानोची ग्रेड ५ झालीय, स्केल-कॉर्ड पाठ आहेत. पंधरा दिवसांनी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात मैत्रिणीच्या भावगीताला साथ करायचीय. पट्टी काळी चार (म्हणजे सा ए फ्लॅटवर), चाल भूप रागातली, ताल केरवा, आठ मात्रांचा, सोबत तबला. एकटी वाजवते तेव्हा छान वाटतं. मैत्रीण गायला लागली की सगळं गढूळ. चुकतंय कुठं?

काळी_चार: कॉर्डमध्ये. काळी चारचं भूप म्हणजे ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट, एफ. म आणि नी नाहीतच. ग्रेडच्या सवयीनं चौथी कॉर्ड, डी फ्लॅट, दाबली की म आलाच. गायिका गंधारावर (सी) थांबलेली आणि खाली मध्यम (डी फ्लॅट), अर्ध्या सुराची टक्कर. पाचवीत, ई फ्लॅटमध्ये, जी येतो, तो नी. ए फ्लॅट मेजर आणि एफ मायनर या दोन्ही कॉर्ड त्या पाच सुरांतच बसतात. बरंचसं गाणं त्यांवर निघतं. पाचवी हवीच असेल तर नुसते प-रे, मधला सूर गाळायचा.

डावा_हात: कॉर्ड बरोबर असूनही गढूळ होतंय की! खालच्या सप्तकात तीन सुरांची कॉर्ड धरली की ती डग्ग्याच्या (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) घुमाऱ्यात मिसळते. तिथं फक्त सा किंवा सा-प. गंधार उजव्या हातात. कॉर्ड समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, नाहीतर पाचव्या मात्रेवर बदला. पेडल दर कॉर्डला बदलायचं: आधी नवी कॉर्ड दाबायची, लगेच पाय उचलून परत ठेवायचा.

आणि मैत्रीण गाताना चाल वाजवू नका. गायिका मींड घेते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते; पियानोचा सूर जागचा हलत नाही. चाल फक्त मधल्या म्युझिकमध्ये.

सातरस्ता_८८: तबला कशात लावायचा? तबलजींकडं काळी चारचा नाही.

काळी_चार: एरवी मध्यमात चालतो, भूपात नको. पंचमात लावा, म्हणजे काळी दोन. तबला पियानोवरून लावून घ्यायचा. ऐनवेळी पियानोचा सूर हलत नाही. अकूस्टिक असेल तर आदल्या दिवशीच तपासा, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा सूर उतरतो.

डावा_हात: अंतऱ्याची शेवटची ओळ गायिका लांबवणार. तेव्हा कॉर्ड धरून ठेवायची, नजर तिच्या खांद्यावर. श्वास घेतला की मुखड्याची सम येतेय.