नागोबा मारायचा की बीळ बुजवायचं? हिपॅटायटिस सी आणि आपलीच प्रथिनं

पेशीपुराण

थोडं भांडण व्हावं म्हणूनच हा धागा काढतोय. दोन्ही बाजूंनी या.

हिपॅटायटिस सी-चा विषाणू म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. साधारण 9600 अक्षरांचा आरएनए (हाच त्याचा जनुकीय मजकूर), त्यातून निघणारं एकच लांबलचक प्रथिन, आणि ते कापून झालेली दहा प्रथिनं. संपला संसार. एवढ्या सामानावर आपल्याकडे कुणी खोली भाड्याने देणार नाही, पण हा माणसाच्या यकृतात वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतो. कारण बाकी सगळं तो आपलंच वापरतो.

दारातच बघा. सीडी81, एसआर-बी1, क्लॉडिन-1, ऑक्लुडिन ही चार प्रथिनं आपली, आणि तीच त्याला आत घेतात. आत गेल्यावर आपलं 'ला' नावाचं प्रथिन त्याचा आरएनए रायबोसोमकडून (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडून) वाचून घ्यायला हातभार लावतं (बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सौमित्र दास यांच्या गटाचं यावर चांगलं काम आहे). मग पीआय4के-अल्फा हे आपलं एन्झाइम. विषाणूचं एनएस5ए नावाचं प्रथिन त्याला चिकटतं, कामाला जुंपतं आणि पेशीच्या पडद्यांचं जाळं विणून घेतं. त्या जाळ्याच्या आडोशाने त्याच्या प्रती निघतात. सायक्लोफिलिन ए हे आपलं आणखी एक प्रथिन नसेल तर हे गाडं पुढे सरकत नाही. शेवटी पेशीतल्या मेदाच्या थेंबांपाशी नवा विषाणू जुळतो आणि अपोई वगैरे मेद वाहणारी आपली प्रथिनं अंगाला फासून, म्हणजे तुपाने माखल्यासारखा, बाहेर पडतो. अँटिबॉडीला पकडता येऊ नये म्हणूनही हे माखणं उपयोगी.

आता मुद्दा. औषधाने नागोबावर, म्हणजे विषाणूवर, नेम धरायचा की बिळावर, म्हणजे तो वापरतो त्या आपल्या प्रथिनांवर? एका रुग्णात दिवसाला साधारण एक लाख कोटी विषाणू तयार होतात, आणि प्रत काढताना झालेली चूक सुधारण्याची सोय विषाणूकडे नाही. म्हणजे विषाणूच्या प्रथिनावर नेम धरा, तो रोज चेहरा बदलणार. सायक्लोफिलिन मात्र आपल्या जनुकातून येतं, ते रोज बदलत नाही. 2003 मध्ये जपानी संशोधकांनी सायक्लोस्पोरिनने, म्हणजे सायक्लोफिलिनला अडवणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने, हा विषाणू दबतो हे दाखवलं. त्यातून प्रतिकारशक्ती न दाबणारं अॅलिस्पोरिव्हिर आलं, मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचलं, 2012 मध्ये अडकलं. पुढच्याच वर्षी सोफोसबुव्हिर ही थेट विषाणूवर नेम धरणारी गोळी आली आणि सगळ्यांनी या वाटेकडे पाठ फिरवली. माझ्या मते ही चूक झाली.

खवचट_काका

बीळ बुजवा म्हणे! अहो, ते बीळ म्हणजे तुमचं-आमचं यकृत आहे.

ज्या पीआय4के-अल्फाचं कौतुक चाललंय, ते जनुक प्रौढ उंदरांत बंद केलं तर उंदीर मरतात. विषाणू जाईल की नाही नंतरची गोष्ट, रोगी आधी जाईल. प्रथिनं काही विषाणूची सोय करायला बसलेली नाहीत, त्यांना स्वतःची कामं आहेत. एसआर-बी1 कोलेस्टेरॉल उचलतं. क्लॉडिन आणि ऑक्लुडिन दोन पेशींमधली फट बुजवतात. ती अडवून बसाल तर फट कोण बुजवणार?

आणि अॅलिस्पोरिव्हिर 'अडकलं' असं किती मोघम लिहिलंत. स्वादुपिंडाला सूज येऊन रुग्ण आजारी पडले, एक दगावला, म्हणून अमेरिकेत चाचणी थांबवली. हे पण लिहायचं होतं की.

सरळ हिशेब आहे. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर (हेही विषाणूवरचंच औषध), 12 आठवडे, रोज एकदा. शंभरातले पंचाण्णवच्या वर बरे होतात. नागोबा मेला. आता बिळावर पीएचडी कशाला?

पेशीपुराण

काका, मोघम लिहिलं हे कबूल. पण त्या रुग्णांना सोबत इंटरफेरॉन (हिपॅटायटिस सी-वरचं जुनं इंजेक्शन) चालू होतं, आणि इंटरफेरॉनने स्वादुपिंडाला त्रास होतो हे आधीपासून माहीत आहे. दोघांपैकी गुन्हेगार कोण, हे नीट ठरायच्या आतच बाजार उठला. एचआयव्हीत मॅराव्हिरॉक आपल्याच सीसीआर5 या प्रथिनाला अडवतं, 2007 पासून वापरात आहे. म्हणजे मार्गच चुकीचा असं नाही.

पिपेट

(याच क्षेत्रात आहे, म्हणून दोघांशीही भांडते.)

पेशीपुराण, विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा, म्हणजे प्रतिरोधाचा, तुमचा मुद्दा पुस्तकात छान वाटतो. प्रत्यक्षात सायक्लोफिलिन अडवलं तरी विषाणू एनएस5ए-मध्ये बदल करून वाट काढतो, डी320ई हा त्यातला नावाजलेला. आपलं प्रथिन बदलत नाही, पण त्याच्यावर किती विसंबायचं हे विषाणू बदलू शकतो की. उलट सोफोसबुव्हिरला चुकवणारा एस282टी हा बदल झाला तर विषाणू इतका लंगडा होतो की टिकत नाही. म्हणजे विषाणूवर नेम धरलेलं औषधही भक्कम असू शकतं. नेम कुठे धरता यावर आहे.

आता काका. तुम्ही ज्या गोळीचे गोडवे गाताय ती गिळताना औषध नसतेच. सोफोसबुव्हिर यकृताच्या पेशीत जातं, तिथे कॅथेप्सिन ए आणि सीईएस1 ही एन्झाइमं त्याचं एक टोक तोडतात, हिंट1 हे एन्झाइम दुसरा तुकडा काढतं, मग पेशीतली कायनेझ नावाची एन्झाइमं त्यावर दोन फॉस्फेट चढवतात. एवढं झाल्यावर ते विषाणूच्या पॉलिमरेजला, म्हणजे प्रती काढणाऱ्या एन्झाइमला, फसवतं. यातलं प्रत्येक प्रथिन आपलं आहे, एकही विषाणूचं नाही. यकृतात हे काम जोरात चालतं म्हणूनच ते तिथे साठतं. तुमचा नागोबा मारणारी काठी बिळातच तासली जाते.

आणि बिळावर पीएचडी का? 1989 मध्ये विषाणू सापडला. प्रयोगशाळेतल्या बशीत नीट वाढवायला 2005 उजाडलं, म्हणजे सोळा वर्षं. तेही जेएफएच-1 या एकाच वाणाचं, एका जपानी रुग्णातून आलेलं. बाकीच्या रुग्णांचे विषाणू बशीत टाकले की गप्प. ते का, याचं एक उत्तर 2015 मध्ये मिळालं: प्रयोगशाळेत वापरतात त्या यकृतपेशींत एसईसी14एल2 नावाचं प्रथिनच तयार होत नव्हतं. ते घातलं आणि रुग्णांच्या रक्तातले विषाणू वाढायला लागले. एका हरवलेल्या प्रथिनापायी किती जणांची उमेदीची वर्षं गेली. माझ्या गाइड त्या काळातल्या, अजूनही हा विषय निघाला की चहा गार होतो.

ठाणेकर

माझा प्रश्न अडाणी असेल. एमआयआर-122 बद्दल वाचलं होतं, तेही यजमान प्रथिनच ना? त्याच्यावर औषध पण काढलं होतं.

पिपेट

प्रथिन नाही, छोटा आरएनए. यकृतात भरपूर असतो. सहसा असे आरएनए दुसऱ्या आरएनएला गप्प करतात, हा मात्र विषाणूच्या टोकाला बसून त्याला टिकवतो. मिराव्हिर्सेन हे त्यावरचं औषध. 2013 मध्ये रुग्णांवरचे निकाल छापून आले, विषाणू चांगला उतरला होता. पुढे तेही मागे पडलं, कारण तेच, गोळ्या आल्या.

डायलिसिसवाली

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. तुमचं निम्मं डोक्यावरून गेलं, पण उरलेल्या निम्म्यावर बोलते.

आमच्याकडे सी-वाल्यांचं मशीन वेगळं, कोपऱ्यात. डायलायझर (रक्त गाळणारी नळी) धुऊन परत वापरतात, त्यावर मार्करने नाव आणि मोठा 'सी' लिहायचा. सुरुवातीला किडनीच्या पेशंटना सोफोसबुव्हिर द्यायला डॉक्टर कचरायचे, कारण त्याचं जे उरतं ते किडनीवाटेच जातं. 2019 मध्ये अमेरिकेत लेबल बदललं, आता आमच्या पेशंटनाही मिळतं. सरकारी कार्यक्रम 2018 पासून आहे, गोळ्या फुकट. अमेरिकेत ही एक गोळी हजार डॉलरची होती, 84 गोळ्यांचे 84,000. आपल्याकडचा चौऱ्याऐंशीचा फेरा यापुढे काहीच नाही.

तरी लोक येत का नाहीत? कारण तपासणीच होत नाही. कावीळ दिसत नाही, दुखत नाही, आणि कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं. तुमच्या एका प्रथिनावर जेवढा खर्च होतो त्यात किती जणांची आरएनए टेस्ट होईल, हे कुणी सांगेल का?

खवचट_काका

ताईंना पूर्ण अनुमोदन. पिपेटबाईंची काठी मान्य, पण ती तासून झालेली आहे. आता फक्त मारायची.

पिपेट

तपासणीवर वाद नाहीच. पण काका, बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो, गोळी संरक्षण देत नाही. लस नाही. 2021 मध्ये एका लशीच्या चाचणीचा निकाल आला, दीर्घकालीन संसर्ग ती रोखू शकली नाही. लस करायची तर आधी प्राणी हवा. हा विषाणू उंदराला होतच नाही, कारण उंदराचं सीडी81 आणि ऑक्लुडिन त्याला चालत नाही. माणसाची ती दोन प्रथिनं बसवली की तो उंदराच्या पेशीत शिरतो, पण तिथली जन्मजात प्रतिकारशक्ती त्याला वाढू देत नाही. आपल्या पेशीत तो धोक्याची घंटा वाजवणारं एमएव्हीएस प्रथिनच कापून टाकतो. कुठल्या घरात कुठली घंटा आणि कोण कापतं, हे कळल्याशिवाय लस आंधळेपणाने शोधायची.

पेशीपुराण

मूळ धाग्यातली एक गोष्ट मागे घेतो. अॅलिस्पोरिव्हिर परत आणा असं मी आता म्हणणार नाही, 84 गोळ्यांपुढे ते टिकलं नसतं. पण 'बिळावर पीएचडी कशाला' हे अजून पटलेलं नाही.

खवचट_काका

लशीसाठी म्हणत असाल तर करा बापडे पीएचडी. औषधासाठी नको.

डायलिसिसवाली

एक विचारायचं राहिलं. आमचे एक आजोबा गोळ्यांचा कोर्स करून दीड वर्षापूर्वी बरे झाले, आरएनए निगेटिव्ह (म्हणजे रक्तात विषाणू सापडत नाही), कागद आहे. पण अँटिबॉडी टेस्ट अजून पॉझिटिव्ह येते, ती येतच राहणार असं डॉक्टर म्हणाले. तरी नवीन आलेला स्टाफ ती पट्टी बघून त्यांना परत कोपऱ्यातल्या मशीनवर नेतो. फाइलीवर मोठ्या अक्षरात काय लिहू, की पुन्हा कुणी विचारणार नाही?

पिपेट

'आरएनए निगेटिव्ह', आणि खाली तारीख. अँटिबॉडीची ओळ खोडू नका, तिच्याच शेजारी लिहा, म्हणजे दोन्ही एकदम दिसतील. आरएनए टेस्ट ठरल्या वेळी परत करत राहा. डायलिसिसवर नव्याने लागण होऊ शकते.