क्राइम बीटवाला पोलिसांची मारझोड बाहेर काढूच शकत नाही (संदर्भ: शिकागो, जॉन बर्ज)

डेडलाइन_गेली:
गेले दोन आठवडे हे प्रकरण वाचतोय, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकागो म्हणजे गोऱ्यांच्या वस्त्या एकीकडे, काळ्यांच्या दुसरीकडे असं उभं फाटलेलं शहर. साउथ साइड या बहुतांश काळ्यांच्या भागातल्या एरिया टू या पोलीस विभागात जॉन बर्ज हा डिटेक्टिव्हांचा बॉस, व्हिएतनाममध्ये मिलिटरी पोलीस होता. १९७० च्या दशकापासून जवळजवळ वीस वर्षं त्याने आणि त्याच्या माणसांनी शंभरावर लोकांना कबुलीजबाबासाठी छळलं, बहुतेक सगळे काळे. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि हँडल फिरवून करंट काढायची एक पेटी, तिच्या वायरी चिमट्याने कानाला लावायच्या. १९८२ ला दोन पोलिसांच्या खुनात अँड्र्यू विल्सनला पकडलं, त्याच्या जखमा बघून जेलच्या डॉक्टरने पोलीसप्रमुखाला पत्र लिहिलं, त्यांनी ते सरकारी वकील रिचर्ड डेलींना पाठवलं आणि पुढे काही झालं नाही. डेली १९८९ ला महापौर झाले, त्याच वर्षी विल्सनचा भरपाईचा दावा कोर्टात उभा राहिला. तिथे बसून सगळं ऐकून १९९० ला सविस्तर छापलं कोणी, तर शिकागो रीडर या फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाच्या जॉन कॉनरॉयने. रोजच्या पेपरांचे क्राइम रिपोर्टर काय करत होते? माझं म्हणणं एवढंच की ज्याची रोजची बातमी ठाण्यातून येते तो ठाण्यावर लिहिणार नाही.

खडूस_काका:
विल्सन कोण होता ते एका ओळीत उरकलंत. गाडी अडवली म्हणून दोन पोलीस मारले त्याने. त्यांच्या घरच्यांवर कोणी लिहिलं का चार पानं? रिपोर्टरने आरोपीचा वकील व्हायची ही फॅशनच झालीये.

मधलीसुट्टी:
काका, १९८७ ला तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने विल्सनची शिक्षा रद्द केली, कारण कबुलीजबाब कसा घेतला ते अंगावर दिसत होतं. मग कबुलीजबाब बाजूला ठेवून खटला परत चालला आणि तो परत दोषी ठरला, जन्मठेप झाली. म्हणजे पुरावा होताच की हातात! मग चिमटे कशाला लावले?

सहा_वर्षं_बीटवर:
मी स्वतः क्राइम केलंय म्हणून राहवत नाही. धागाकर्त्याचं अर्धं बरोबर. रात्री अकराला हेडलाइन पाहिजे असते तेव्हा ठाण्यातला माणूस फोन उचलतो म्हणून आपली नोकरी टिकते. एकदा लॉकअपमधून एका पोराला बाहेर आणलं, तो टाचा टेकवतच नव्हता, चवड्यांवर चालत होता. मी बघितलं, साहेबांनी मी बघितलेलं बघितलं आणि चहा मागवला. बातमीत मी 'चौकशी सुरू आहे' लिहिलं, टाचांचं नाही लिहिलं. पण अर्धं चूक पण आहे. पोलिसांना आतून ओळखल्याशिवाय अशी गोष्ट बाहेर येत नाही. बर्जच्या केसमध्ये सुद्धा कोणीतरी पोलीस खात्याच्याच पाकिटातून निनावी पत्रं पाठवली, छळ झालेल्या आणखी एकाचं नाव दिलं, त्याच्यावरून पुढची नावं मिळत गेली. ती आतल्या माणसाशिवाय कशी मिळाली असती?

डेडलाइन_गेली:
अहो पण ती पत्रं गेली कोणाकडे? विल्सनच्या वकिलांकडे! आतल्या माणसाला बोलायचं होतं, जिवावर उदार होऊन बोलला, आणि तरी शहरातल्या एकाही क्राइम रिपोर्टरला पत्र टाकावंसं वाटलं नाही त्याला. का नाही वाटलं, ते तुमच्या चहात आहे. (राग नका मानू, प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल आदरच आहे.)

सहा_वर्षं_बीटवर:
राग नाही. लागलं मात्र.

खडूस_काका:
बरं लिहिलं कॉनरॉयने, मग झालं काय? बर्जची नोकरी गेली १९९३ ला. जेल २०११ ला, ती पण साडेचार वर्षं, आणि ती छळासाठी नाहीच, शपथेवर खोटं बोलला म्हणून, कारण छळाबद्दल खटला भरायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. पेन्शन बोर्डात चार विरुद्ध चार मतं पडली आणि पेन्शन चालूच राहिली. आणि तुमच्या हिरोला २००७ ला त्या साप्ताहिकाने घरी पाठवलं.

मधलीसुट्टी:
तुम्ही आमचीच बाजू मांडताय काका. २००३ मध्ये गव्हर्नरने फाशीच्या कोठडीतल्या चौघांना माफी दिली, यांचे कबुलीजबाब बर्जच्या टोळीने घेतले होते. त्या चौघांना विचारा काय झालं ते. २०१५ ला शहराने ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, आणि हा इतिहास आठवी-दहावीच्या पोरांना शाळेत शिकवायचं ठरलं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, साउथ साइडला हे इतकी वर्षं ज्यांनी भोगलं ते सांगतच होते, बातमी झाली ती कोर्टाचा कागद आल्यावर. शहराचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याचं ऐकतच नसेल तर क्राइम बीट असो नाहीतर साप्ताहिक, रिपोर्टर जातो कोणाच्या दारात?

खडूस_काका:
विल्सनच्या कानांचे फोटो शोधून बघितले आत्ता. चिमट्यांच्या खुणा आहेत. त्या माणसाबद्दल माझं मत तेच आहे, बदलणार नाही. डॉक्टरचं पत्र मात्र दाबायला नको होतं.